नकाशा क्रमांक दोनशे चौदा

बाईंचा रुमाल पडला नसता तर पुढचे काहीच झाले नसते. पण तो पडला, आणि पडायला त्याला नेमका साहेबांच्या टेबलावरचा नकाशा सापडला.

पाणीपुरवठा कचेरीच्या आरेखन शाखेत बाई पंचवीस वर्षे नकाशे काढत आल्या होत्या. त्यांची रेघ म्हणजे रेघ, पट्टीने लाजावे अशी. त्या दिवशी साहेबांना एका जलवाहिनीचे वळण दाखवायला त्या टेबलावर ओणव्या झाल्या, हात लांब केला, आणि पोलक्याच्या गळ्यातून एक पांढरा, चार घड्यांचा रुमाल सुळकन घसरून थेट त्या वळणावर पडला. साहेब सज्जन माणूस. त्यांनी तो उचलला, "बाई, तुमचा रुमाल," म्हणाले, आणि देता देता त्यानेच आपला चष्मा पुसला. दोन्ही काचा, सावकाश. मग काचांवर तोंडाची वाफ सोडली आणि पुन्हा पुसला.

आता, तो रुमाल काही नाक पुसायचा नव्हता. देवाने बाईंना घडवताना उजवीकडे सढळ हाताने दिले होते आणि डावीकडे हात आखडता घेतला होता. हा पंक्तिप्रपंच बाईंना वयाच्या चौदाव्या वर्षापासून ठाऊक होता, आणि तेव्हापासून डावीकडची तूट त्या रुमालाने भरून काढत होत्या. रुमाल बदलले, घड्या त्याच राहिल्या. ही गोष्ट जगात फक्त बाईंना ठाऊक होती. यजमानांना असणारच, पण ते त्या बाबतीत सभ्य होते, किंवा विसराळू. आणि दोन्हींचा उपयोग सारखाच. आणि आता तो तीस वर्षांचा रुमाल साहेबांच्या नाकापासून दोन बोटांवर फिरत होता. बाईंना वाटले, धरणी दुभंगावी. पण धरणी दुभंगायची म्हणजे आधी खोदकामाची परवानगी लागते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्या गुपचूप रुमाल घेऊन जागेवर आल्या आणि दिवसभर डावा कोपर छातीशी घेऊन बसल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी ठरवले, की हा आतला कपडा आता आपण स्वतः शिवायचा. डावीला डावीचे माप, उजवीला उजवीचे. रुमाल सेवानिवृत्त.

विकत घेण्याचा प्रयत्न त्यांनी एकदा केला होता. दुकानदाराला हळूच विचारले, "दोन बाजूंना दोन मापं मिळतील का हो?" त्याने तोच प्रश्न चौपट आवाजात माळ्यावरच्या माणसाला विचारला, आणि माळ्यावरच्या माणसाने, "कोणाला पाहिजे?" म्हणत खाली डोकावून पाहिले. तेव्हापासून बाईंनी ती गल्लीच सोडली होती.

शिवणयंत्र वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे होते. या काकू म्हणजे चालताबोलता ज्ञानकोश. सल्ला त्या न मागता देत. वस्तू मात्र मागितल्यावरही कारण विचारून देत. दारात दूध घ्यायला आल्या तरी त्यांची मोठी काळी पर्स उजव्या काखेतून छातीशी घट्ट धरलेली असे. जिन्यातले लोक म्हणत, काकूंचा जगावर विश्वास नाही.

"यंत्र? तुला कशाला हवंय गं?" काकूंनी विचारले.

बाईंच्या तोंडून निघून गेले, "उशांचे अभ्रे शिवायचेत."

खोटे बोलायची सवय नसलेल्या माणसाने खोटे बोलू नये. त्याला ते पुढे सांभाळता येत नाही. यंत्र खाली आणून देणारे यजमान अभ्र्यांच्या बातमीने हरखले. त्यांची उशी सात वर्षे बिनअभ्र्याची होती आणि त्यांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. दुसऱ्याच दिवशी ते निळ्या फुलाफुलांचे चार मीटर कापड घेऊन आले, आणि रोज जेवताना, "अभ्रे कुठवर आले?" असे विचारू लागले, धरणाचे काम कुठवर आले असे विचारावे तसे.

पहिला बेत बाईंनी वर्तमानपत्रावर काढायचा ठरवला. न्हाणीघराची कडी लावून, श्वास रोखून, त्यांनी कागद अंगावर दाबून बसवला आणि पेन्सिलीने कड गिरवली. बाहेरून यजमान म्हणाले, "आत कागद कसला वाजतोय?" बाई म्हणाल्या, "वाचतेय." उकाडा होता, घाम होता, आणि त्या वर्तमानपत्राची शाई काही उत्तम प्रतीची नव्हती. कागद सोलून काढल्यावर बाईंनी आरशात पाहिले, तर उजवीकडे 'उद्यापासून पाणीकपात' हा मथळा उमटला होता. आरशात अगदी सरळ वाचता येत होता. डावीकडे जागा कमी असल्यामुळे नुसतेच 'हवामान' होते. साबणाने तो तीन दिवस गेला नाही.

तरी त्यांनी त्या फाटक्या कागदावरून दोन तुकडे कापले, तेही यजमानांच्या फुलाफुलांच्या कापडातून, कारण घरात दुसरे कापड नव्हते. तेवढ्यात काकू यंत्राची खुशाली पाहायला खाली आल्या. यंत्र त्यांनी सासरी पाठवलेल्या मुलीसारखे दिले होते. रोज येऊन त्याच्या अंगावरून हात फिरवून जात. टेबलावरचे तुकडे त्यांनी उचलले.

"हे गोल कसे?"

"गोल उशा आहेत," बाई म्हणाल्या.

"दोन?"

"दोनच."

"आणि ही एक लहान का?"

बाईंच्या कानशिलांना चटका बसला. "ती... ती ह्यांची."

आतल्या खोलीतून यजमानांचा आवाज आला, "माझी लहान का?"

काकूंनी दोन्ही तुकडे उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "उशी असो की काही असो, टक्स आतून घे. बाहेरून घेतलेस तर टोक येतं." आणि पर्स सावरत गेल्या. टोक कशाला येते हे त्यांनी सांगितले नाही. बाईंनी टक्सचे चिमटे बाहेरून घेतले, कारण शरमेच्या भरात माणूस चांगला सल्ला ऐकत नाही. जे तयार झाले त्याला टोक आले. दोन्ही बाजूंना, शिवाय दोन वेगळ्या दिशांना.

मग मात्र बाईंचा व्यावसायिक अभिमान दुखावला. आपण टेकड्या, दऱ्या, तळी कागदावर उतरवली, आणि स्वतःच्या अंगावरची एवढीशी जमीन उतरवता येऊ नये? त्यांनी पुन्हा न्हाणीघर गाठले. या वेळी टेप आणि वही नेली, आणि रीतसर मोजणी केली. पायथ्यापासून दर सेंटिमीटरला एक माप. उंची, उतार, घेर. चाळीस मापे, दोनदा तपासून.

आता कागद हवा तो आरपार दिसणारा आणि शाई न सोडणारा. असा कागद कचेरीत होता: ट्रेसिंग पेपर. बाईंनी एक रद्दी तुकडा घेतला. तो एका बाजूने मळलेला होता, एवढाच त्याचा गुन्हा. रोज जेवणाच्या सुट्टीत, खिडकीकडे तोंड करून, त्या आपल्या आरेखनाच्या पाटीवर तो बेत काढू लागल्या. दोन गोल. आत दर सेंटिमीटरला एक समोच्च रेषा, शाळेच्या भूगोलात डोंगराला काढतात तशी. टक्सच्या खुणा. वर खांद्याकडे जाणाऱ्या दोन पट्ट्या. खाली पाठीमागे वळणारा पट्टा. मध्ये हुकाची जागा. इतका देखणा नकाशा त्यांनी आयुष्यात काढला नव्हता. काढता काढता त्या लाज विसरल्या, आणि घात झाला तो तिथेच.

कचेरीच्या प्रत्येक ट्रेसिंग पेपरच्या उजव्या कोपऱ्यात एक छापील चौकट असते. प्रमाण एकास शंभर, असे आधीच छापलेले. खाली क्रमांक, दिनांक, आरेखकाची सही, विषय. नकाशा संपला की पंचवीस वर्षे बाईंचा हात आपोआप त्या चौकटीकडे जात असे. तो गेला. शेवटचा नकाशा दोनशे तेरा होता. हाताने दोनशे चौदा घातले. तारीख घातली. झोकात सही केली. 'विषय' या रकान्याशी हात पोचला तेव्हा कुठे डोके जागे झाले. बाईंनी पेन खाली ठेवले, घड्याळ पाहिले, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून इलास्टिक आणायला गेल्या. कागद उद्या नेऊ, म्हणाल्या.

उद्या आला तेव्हा पाटी रिकामी होती.

"बाई!" साहेब केबिनमधून स्वतः उठून आले. इतके खूश ते बढतीच्या दिवशीही नव्हते. "काय नकाशा काढलात हो! मोठ्या साहेबांचा फोनवर फोन, टेकडीवरच्या जुळ्या टाक्यांचा नकाशा कुठे, नकाशा कुठे. मला वाटलं तुम्ही अजून हातही लावला नसेल. पाहतो तर तयार! विषय तेवढा राहिला होता, तो मी घातला."

बाईंनी जुळ्या टाक्यांना खरेच अजून हात लावला नव्हता. "साहेब, तो... तो माझा खासगी कागद होता."

"कचेरीत खासगी काही नसतं, बाई. ही तुमची नम्रता झाली."

बाई धावत आवक-जावक विभागात गेल्या. तिथे नोंदअण्णा बसत. कागद एकदा नोंदवहीत चढला की अण्णांच्या लेखी तो अमर होई. बाईंनी हळूच विचारले, दोनशे चौदा परत मिळेल का?

"मिळेल की. परत मागण्याचं कारण लिहून द्या."

"चुकून गेला."

"मग चूक कोणाची ते लिहा. चूक कसली तेही लिहा. त्यावर साहेबांचा शेरा, मग तो मोठ्या साहेबांकडे. आणि चुकीचा नकाशा होता म्हणावं तर," अण्णांनी पान उलटून बोट ठेवले, "साहेबांचं प्रमाणपत्र आहे बघा."

बाईंनी वाचले. साहेबांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते: 'मी स्वतः प्रत्यक्ष जागेवर जाऊन सर्व मापे घेतली असून ती बरोबर असल्याची खात्री केली आहे.'

हे वाक्य साहेब प्रत्येक नकाशावर लिहीत. जागेवर ते कधीच जात नसत. त्यांना ऊन बाधते. हे सगळ्यांना ठाऊक होते आणि त्यात कोणाला कधी काही वावगे वाटले नव्हते. बाईंनाही नाही, आजपर्यंत. त्यांनी वही मिटली, आणि त्या पाणी प्यायला गेल्या.

आठ दिवसांनी मोठ्या साहेबांचा शेरा आला. 'डावी टाकी उजवीपेक्षा लहान का? आरेखकाने खुलासा करावा.' हा प्रश्न बाई स्वतः देवाला तीस वर्षे विचारत होत्या आणि तिकडून खुलासा आला नव्हता. त्यांनी लिहिले, 'जागेची मूळ रचना तशी असल्यामुळे.' लिहिले ते खरेच होते. उलट टपाली दुसरा शेरा आला: 'लहान बाजूस भराव घालून दोन्ही समान करता येतील काय?' बाईंनी डोक्याला हात लावला. भराव, म्हणे!

सगळे सांगून टाकावे, असे त्यांना रोज सकाळी वाटे. साहेबांच्या दाराशी त्या तीनदा गेल्या. पण वाक्याची सुरुवात कशी करायची? 'साहेब, त्या टाक्या नाहीत' हे जमले असते. पुढे साहेब विचारणार, 'मग काय आहे?' त्या प्रश्नाशी येऊन बाई तिन्ही वेळा परत फिरल्या. शब्द एकच होता, तोही छोटासा, पण तो त्यांनी घरातही कधी मोठ्याने उच्चारला नव्हता. घरात त्याला 'ते' म्हणत.

आणि मग एका सोमवारी त्या कचेरीत आल्या, खिडकी उघडली, आणि मटकन खुर्चीत बसल्या.

समोर टेकडी होती. टेकडीच्या उतारावर ठेकेदाराच्या माणसांनी चुन्याची फक्की मारून टाक्यांची आखणी केली होती. नकाशाबरहुकूम, एकास शंभर. दोन पांढरे गोल, आत रेषा, वर जाणाऱ्या दोन पट्ट्या, खाली पट्टा, मध्ये हुकाची जागा. उजवी मोठी, डावी लहान. सगळ्या गावाने पाहावे अशा, उन्हात लखलखत होत्या. रस्त्याने माणसे येत-जात होती. एक म्हातारा थांबून, डोळ्यांवर हाताची सावली धरून पाहत होता. बाईंनी खिडकी लावून घेतली आणि पुढचा आठवडा दिवसा दिवा लावून काम केले. घरी यजमान म्हणाले, "टेकडीवर छान काम चाललंय म्हणे तुमचं." बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

नियमाप्रमाणे नकाशाची प्रत कचेरीच्या फलकावर लागली, पंधरा दिवस, नागरिकांच्या हरकतींसाठी. तिच्यापुढे रोज गर्दी. टेकडीच्या डाव्या अंगाला राहणाऱ्यांनी बोंब मारली, आमची टाकी लहान का? उजवीकडच्यांनी उत्तर दिले, तुम्हाला पाणी कमी लागतं. अर्ज आले, उलट अर्ज आले, आणि सुनावणीची तारीख पडली.

सुनावणीला कचेरीचे सगळे दालन भरले. डावीकडच्या वसाहतीचे अध्यक्ष पहिल्या रांगेत, मागे दहाबारा बायका हंडेबिंडे न आणता पण मोर्चाच्याच चेहऱ्याने आलेल्या. एका कोपऱ्यात कचेरीची टंकलेखिका टिपणे घ्यायला. आणि तिसऱ्या रांगेत, पर्स छातीशी धरून, काकू. कोणतीही सुनावणी काकूंच्या सल्ल्याशिवाय पार पडत नसे.

भिंतीवर नकाशा मोठा करून लावला होता. काकूंनी चष्मा चढवला. आधी त्यांनी डावा गोल पाहिला, मग उजवा. मग टक्सच्या खुणा. मग त्यांची मान सावकाश वळली आणि नजर बाईंवर येऊन थांबली. बाईंनी खाली पाहिले. काकूंना कळले होते. गोल उशा त्यांनी हातात घेऊन पाहिल्या होत्या.

साहेब छडी घेऊन उठले. "ह्या दोन वर जाणाऱ्या वाहिन्या. ही खालची संरक्षक भिंत, मागच्या बाजूने वळून येते. मध्ये ही जोडणी, हवी तेव्हा खोलता येते."

टंकलेखिकेचे पेन थांबले. मागच्या बायकांत काहीतरी कुजबूज झाली.

"ते राहू द्या," अध्यक्ष गरजले. "डावी लहान का ते सांगा. मापंच चुकीची आहेत. कोणी घेतली ही मापं?"

साहेबांच्या प्रामाणिकपणालाच हात घातला होता. ते ताठ झाले, छातीवर हात ठेवला, आणि भर सभेत म्हणाले, "मी! मी स्वतः प्रत्यक्ष जागेवर जाऊन, या हातांनी सगळी मापं घेतली आहेत. एकदा नाही, दोनदा!"

काकूंच्या तोंडाचा आ झाला. त्यांनी साहेबांकडे पाहिले, मग बाईंकडे, मग परत साहेबांकडे. त्या नजरेत पंचवीस वर्षांच्या शेजाराचा निकाल लागत होता. बाईंना ते दिसले. रुमाल पडला तेव्हा वाटली ती लाज होती. हे काही निराळेच होते. लाज गिळून माणूस जगतो. पण आज गप्प राहिले तर उद्या जिन्यात काय बोलले जाईल, आणि सात वर्षे बिनअभ्र्याच्या उशीवर मुकाट झोपणाऱ्या त्या माणसाच्या कानावर काय जाईल, हे त्यांना क्षणात दिसले. आणि आयुष्यात प्रथमच त्या सभेत न बोलावता उभ्या राहिल्या.

"साहेबांनी मापं घेतलेली नाहीत," त्या म्हणाल्या. आवाज फाटला, तरी थांबल्या नाहीत. "साहेब जागेवर कधीच आलेले नाहीत. मापं मी घेतली. एकटीने. न्हाणीघरात, आतून कडी लावून."

साहेबांची छडी डाव्या गोलावर टेकलेली होती, ती तिथेच राहिली.

"त्या टाक्या नाहीत," बाई म्हणाल्या. "तो माझ्या कपड्याचा बेत आहे. सवयीने नंबर पडला. चूक माझी आहे."

"कपडा?" अध्यक्षांनी विचारले. "कसला कपडा?"

बाईंनी तोंड उघडले. तो शब्द जिभेपर्यंत आला. डोळ्यांत पाणी उभे राहिले, सगळे चेहरे पाण्यात बुडाल्यासारखे दिसू लागले.

"उशीचा!"

काकू उभ्या होत्या. "उशीचा अभ्रा आहे तो. गोल उशा. माझ्या यंत्रावर शिवतेय ती, महिना झाला. मी पाहिल्यात."

"उशीला ह्या वरच्या पट्ट्या कशाला?" अध्यक्ष सोडायला तयार नव्हते.

"प्रवासाची उशी. गळ्यात अडकवायची."

"आणि एक लहान, एक मोठी?"

काकूंनी पर्स घट्ट आवळली. "ज्याचं जेवढं डोकं, त्याला तेवढी उशी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला लहान पुरेल. बसा खाली."

पुरुषमंडळींना ते पटले. पुरुषांना उशांबद्दल फारसे काही ठाऊक नसते. मागच्या बायका मात्र खाली माना घालून बसल्या होत्या, आणि एकीनेही प्रश्न विचारला नाही. नोंदअण्णांनी वहीत लिहून घेतले, 'क्र. २१४ : उशी. रद्द.' साहेबांनी छडी खाली ठेवली. ते भिंतीवरचा नकाशा पाहत होते, वरच्या पट्ट्या, मधली जोडणी, डावी बाजू. मग त्यांची नजर बाईंच्या हातातल्या त्याच पांढऱ्या रुमालावर गेली, ज्याने त्या डोळे पुसत होत्या. साहेबांनी सावकाश चष्मा काढला आणि लांब धरला. दुसऱ्या दिवशी ते नवा चष्मा घालून आले. त्या विषयावर दोघेही आजतागायत बोललेले नाहीत.

जुळ्या टाक्यांचा खरा नकाशा बाईंनी चार दिवसांत काढून दिला. त्यावरच्या प्रमाणपत्रासाठी साहेब खरोखर टेकडीवर गेले, छत्री घेऊन. फक्की मात्र बरेच दिवस पुसली गेली नाही. बाई खिडकी उघडू लागल्या, पण खुर्ची पाठमोरी ठेवून. लाज काही गेली नाही. जिन्यात काकू दिसल्या की त्या उगीच चपला शोधू लागत, आणि काकूही कधी नव्हे त्या सल्ला न देता निघून जात.

आणि मग अण्णांच्या खिडकीवर अर्ज येऊ लागले. रद्द झाला तरी नकाशा नोंदवहीत होता, आणि नोंदवहीतल्या कोणत्याही नकाशाची प्रत कोणीही नागरिक मागू शकतो. पहिला अर्ज टंकलेखिकेचा. दुसरा डाव्या वसाहतीतल्या एका बाईचा. महिन्याभरात अकरा झाले. कोणी लिहिले होते, प्रमाण पावपट वाढवून मिळावे. कोणी, कमी करून. 'कारण' या रकान्यात अकराही ठिकाणी एकच शब्द होता: उशी. अण्णा म्हणाले, "गावात एकदम एवढा प्रवास कोण करायला लागलंय?" बाईंनी खाली मान घालून प्रती काढल्या. कान लाल होते, पण रेघ सरळ होती.

बारावा अर्ज पाहून मात्र त्या थांबल्या. खाली सही होती. सही नसती तरी अक्षर ओळखू आले असते, जिन्यातल्या सगळ्या सूचना त्याच अक्षरात असत. कारण : उशी. आणि खाली, अगदी बारीक : 'नकाशा उलट बाजूने मिळावा. उजवी लहान हवी.'

बाईंना ती काळी पर्स आठवली. दूध घेताना, जिना चढताना, भर सुनावणीत, उजव्या काखेतून छातीशी धरलेली. पंचवीस वर्षे. एका जिन्याच्या अंतरावर. आणि आपल्याला वाटत होते, देवाने हात आखडता घेतला तो एकट्या आपल्याच वेळी.

ट्रेसिंग पेपरचे एक बरे असते. उलटा धरला की झाले. बाईंनी तो खिडकीच्या काचेवर उलटा लावला आणि प्रत काढली. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले, 'टक्स आतून घ्यावेत.'

त्या संध्याकाळी दार वाजले. दारात काकू. पर्स होती, घडी केलेला एक कागद पर्समधून डोकावत होता. दोघींनीही एकमेकींच्या चेहऱ्याऐवजी उंबऱ्याकडे पाहिले.

"यंत्र न्यायला आले," काकू म्हणाल्या.

ते त्यांचेच यंत्र होते. तरी बाईंना राहवले नाही. "कशाला हवंय, काकू?"

काकूंनी घसा खाकरला. "उशांचे अभ्रे शिवायचेत."

"हो का," बाई म्हणाल्या. "थांबा, ह्यांना वर पोचवायला सांगते."

यजमान यंत्र उचलून निघाले. उंबऱ्याशी थबकून त्यांनी टेबलाकडे पाहिले. तिथे त्यांचे निळे फुलाफुलांचे कापड पडले होते, आणि त्याला मधोमध दोन गोल भोके होती, एक मोठे, एक लहान.

"सगळ्यांच्या उशा झाल्या," ते म्हणाले. "माझीच तेवढी राहिली."

बाईंनी सुईत दोरा ओवला आणि यजमान वरून परत येण्याआधी धावदोऱ्याने त्यांचा अभ्रा शिवायला बसल्या.